‘झालं’ म्हणजे खरंच झालं का?

आज तुम्हाला आमच्या शाळेतली एक फजिती सांगते. फजिती मुलांची नाही बरं का, माझीच!

आमची शाळा नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याकडच्या एका खेड्यात आहे. वर्गात कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी भिली, तर कोणाच्या घरी गुजरी बोलतात. पण शाळेची घंटा झाली की सगळे पुस्तकातली मराठी बोलायला लागतात आणि घरचे शब्द दप्तराच्या तळाशी जाऊन बसतात. म्हणून आम्ही एक बेत केला. प्रत्येकाने रोज आजीकडून एक शब्द विचारून आणायचा आणि चिठ्ठीवर लिहून मला द्यायचा. शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘धल्ली’ म्हणजे म्हातारी... बघता बघता तीनशेच्या वर चिठ्ठ्या जमल्या. शाळा सुटल्यावर त्या मी शाळेच्या संगणकावर रोज थोड्या थोड्या टाईप करत असे. टाईप झालेल्या चिठ्ठ्या मुलांना परत देऊन सांगायची, “आता ह्या फेकून दिल्या तरी चालतील.”

शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी शेवटचा शब्द लिहिला, सेव्ह केलं आणि मोठ्याने म्हटलं, “झालं!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत लाईट गेली! संगणकाला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच बसलेली. तो आपला नावालाच.

तासाभराने लाईट आली. संगणक सुरू केला. फाइल जागेवर होती. नाव बरोबर, आकारही तेवढाच. मी उघडली, आणि पोटात गोळाच आला. आत एकही शब्द नाही. नुसतं कोरं पान!

“पण बाई, तुम्ही सेव्ह केलं होतं ना? आम्ही पाहिलं!” मुलं म्हणाली. मलाही तेच कोडं पडलं. शनिवारी संगणक दुरुस्त करणाऱ्या दादांकडे नेला. त्यांनी बरीच खटपट केली आणि मान हलवली. “मॅडम, तुम्ही सेव्ह केलं, संगणकाने ‘हो’ही म्हटलं. पण मजकूर चकतीपर्यंत पोचलाच नव्हता.”

आता सांगा, हे कसं शक्य आहे? पोचलंच नव्हतं तर संगणक ‘हो’ का म्हणाला? खोटं बोलला का?

चकतीचा संथ कारभार

हे समजायला आधी हार्ड डिस्कच्या पोटात डोकावू या. डबीत गुळगुळीत चकत्या असतात, त्यांच्यावर चुंबकीय थर असतो. चकती गरागरा फिरते आणि एक बारीकसा हात तिच्यावर आत-बाहेर सरकत मजकूर लिहितो. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली ‘रामॅक’ नावाच्या यंत्रात बसवली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा मोठा फोटोसुद्धा तेवढी जागा खातो!

टेबलावरच्या नेहमीच्या संगणकातली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला १२०. आपल्याला हा वेग भयंकर वाटतो. पण गणित करून पाहा. एका फेरीला सेकंदाचा १२०वा भाग लागतो. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. त्याआधी हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी वेळ. सगळं मिळून एका ठिकाणी लिहायला साधारण सेकंदाचा ८०वा भाग जातो.

“एवढासा?” असं म्हणू नका. संगणकाची जी तात्पुरती मेमरी असते ना, रॅम, तिच्यात हेच काम सेकंदाच्या एक कोटीव्या भागात होतं. म्हणजे समजा रॅमला एक सेकंद लागला, तर त्या हिशेबाने हार्ड डिस्कला जवळजवळ दीड दिवस लागेल! रॅम हरणासारखी आणि डिस्क बैलगाडीसारखी. मात्र हरणाचा एक दोष आहे. लाईट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. बैलगाडी संथ, पण तिच्यातला माल अंधारातही जिथल्या तिथे राहतो.

मग दोघांची जोडी जमवायची कशी? ते समजावं म्हणून मी वर्गात एक खेळ घेतला.

पथारी-पथारी

नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. हंगामात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या येतात, काट्यावर तोलल्या जातात आणि मग मिरची मोकळ्या मैदानावर वाळत घालतात. त्या मैदानाला ‘पथारी’ म्हणतात. आमच्या काही मुलांच्या आया तिथे देठ खुडायला जातात, त्यामुळे पथारी मुलांच्या ओळखीची. म्हणून खेळाचं नावही ‘पथारी-पथारी’.

मैदानाच्या एका टोकाला फाटक. तिथे एक मुलगा मुनीम झाला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली, एक जाडजूड वही ठेवली. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं पान. बाकीची मुलं शेतकरी. शेतकऱ्याने यायचं, “पानपाटील, ४० किलो” असं काहीतरी गमतीचं नाव आणि वजन असलेली चिठ्ठी द्यायची आणि मुनिमाने “झालं!” म्हटल्यावरच जायचं.

पहिली फेरी. मुनीम प्रत्येक चिठ्ठी घेऊन चिंचेपर्यंत धावला, पान काढून लिहिलं, परत धावत आला, मग “झालं!” म्हणाला. बारा चिठ्ठ्यांना आठ मिनिटं लागली. मुनीम घामाघूम आणि शेतकरी रांगेत उभे राहून वैतागलेले.

दुसरी फेरी. मी मुनिमाला सांगितलं, “चिठ्ठी खिशात टाक आणि लगेच ‘झालं’ म्हण. चार-पाच जमल्या की एकदम जा.” आता काय गंमत! शेतकरी अर्ध्या मिनिटात मोकळे झाले. मुनिमाने आपणहून आणखी एक युक्ती केली. जाता जाता चिठ्ठ्या पानांच्या क्रमाने लावून घेतल्या, म्हणजे वही सारखी पुढे-मागे उलटायला नको. एकाच शेतकऱ्याच्या दोन चिठ्ठ्या होत्या, त्यांची बेरीज करून एकदाच लिहिली. सगळं काम तीन मिनिटांत उरकलं.

मुलांनो, हीच ती युक्ती. संगणकाच्या भाषेत तिला ‘राईट कॅशिंग’ म्हणतात. कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे बरं का! हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘लपवणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हाताशी लपवून ठेवलेला साठा म्हणजे कॅश. मुनिमाचा खिसा म्हणजे रॅम, चिंचेखालची वही म्हणजे हार्ड डिस्क आणि मुनीम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज किंवा लिनक्स ही त्यांतली नावं तुम्ही ऐकली असतील. संगणकाचा सगळा कारभार हा कारभारीच पाहतो.

तिसरी फेरी. मुनिमाच्या खिशात सहा चिठ्ठ्या असताना मी शिट्टी वाजवली आणि ओरडले, “लाईट गेली!” नियम असा की शिट्टी झाली की खिशातल्या चिठ्ठ्या फाडायच्या. सहा शेतकऱ्यांनी मुनिमाला घेरलं. “तू तर झालं म्हणाला होतास! आमची मिरची कुठे गेली?” मुनीम बिचारा रडकुंडीला आला. “मी खोटं नव्हतो बोललो, मी जाणारच होतो!”

माझ्या शब्दांचं नेमकं हेच झालं होतं. संगणक लबाड नव्हता. त्याच्या ‘झालं’चा अर्थ होता, ‘चिठ्ठी घेतली.’ मी समजले, ‘वहीत लिहिलं.’

दुसरा खिसा

एक मुलगा फार विचारी आहे. तो म्हणाला, “बाई, मुनिमाला सांगायचं की महत्त्वाची चिठ्ठी असेल तर आधी वहीत लिही, मगच झालं म्हण.” शाबास! अगदी अशीच सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते. प्रोग्राम लिहिणारा कारभाऱ्याला बजावू शकतो, “एवढी फाइल खिशात ठेवू नकोस, आत्ता चकतीवर उतरव, तोवर मी थांबतो.” युनिक्स आणि लिनक्समध्ये या हुकमाचं नाव ‘एफसिंक’. विंडोजमध्येही तसाच हुकूम आहे. बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद करणारे प्रोग्राम हा हुकूम दिल्याशिवाय ‘जमा झाले’ म्हणत नाहीत. मी शब्द लिहिले तो प्रोग्राम अगदी साधा होता. त्याने असं काही बजावलं नव्हतं.

म्हणून आम्ही चौथी फेरी खेळलो. महत्त्वाच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलची खूण. लाल चिठ्ठी आली की मुनिमाने धावलंच पाहिजे. सगळे खूष झाले. पण मीही काही कमी नाही! मी चिंचेखाली आणखी एक मुलगी उभी केली. वही आता तिच्या ताब्यात. मुनिमाने तिला चिठ्ठी द्यायची, ती लिहिणार. मात्र तिच्या फ्रॉकलाही खिसा होता! मुनीम लाल चिठ्ठी घेऊन धावला, ती म्हणाली, “झालं!” तो परत येऊन शेतकऱ्याला म्हणाला, “झालं!” आणि मी शिट्टी वाजवली. चिठ्ठी तिच्या खिशातच!

खऱ्या हार्ड डिस्कमध्येही असंच असतं. डिस्कच्या खालच्या बाजूला हिरवी पाटी दिसते ना, तिच्यावर डिस्कची स्वतःची छोटी मेमरी बसवलेली असते. जुन्या डिस्कमध्ये ती २ किंवा ८ मेगाबाईट असायची, नव्यांत २५६ मेगाबाईटही असते. ऑपरेटिंग सिस्टीमने पाठवलेला मजकूर डिस्क आधी ह्या खिशात घेते आणि लगेच ‘झालं’ कळवते. लाईट गेली की डिस्क एक काम मात्र चोख करते. फिरत्या चकतीच्या गतीतूनच थोडीशी वीज बनवून आपला लिहिणारा हात सुखरूप बाजूला घेते. पण खिशातल्या मजकुराची हमी त्यात नसते.

म्हणून कारभारी शहाणा हवा. त्याने नुसतं “हे घे” म्हणून चालत नाही. “आता खिसा रिकामा कर आणि मग मला सांग” असा दुसरा हुकूम डिस्कला द्यावा लागतो. त्याला ‘फ्लश कॅश’ म्हणतात. डिस्कने मुकाट्याने खिसा रिकामा करायचा, तोवर कारभाऱ्याने थांबायचं. हे दोघं एकमेकांशी नीट बोलले तरच लाल चिठ्ठीला अर्थ.

कारभारी शहाणे कसे झाले?

हे शहाणपण एका दिवसात आलं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स वाढत होती. तेव्हापासून तिच्यात ‘सिंक’ नावाची आज्ञा आहे. अर्थ एवढाच, ‘खिशातलं सगळं चकतीवर पाठव.’ यंत्र बंद करण्याआधी ही आज्ञा तीनदा टाईप करायची, अशी जुन्या मंडळींची सवयच होती. तीनदा का? तर तेवढ्या वेळात चकतीचं काम उरकावं म्हणून! याशिवाय दर ३० सेकंदांनी कारभारी आपणहून खिसा तपासायचा. आजच्या लिनक्समध्येही नेहमीच्या मांडणीत सुमारे ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली चिठ्ठी खिशात ठेवत नाहीत.

घराघरातल्या संगणकांवर मात्र १९९३ साली गडबड झाली. तेव्हा एमएस-डॉस ६ ही ऑपरेटिंग सिस्टीम आली. तिच्यातला ‘स्मार्टड्राइव्ह’ नावाचा मुनीम चिठ्ठ्या काही सेकंद खिशात ठेवायचा. लोकांना आधीपासून सवय काय होती? काम झालं, पडद्यावर पुन्हा आज्ञेची ओळ दिसली की फट्कन बटण बंद! त्या काही सेकंदांत बटण दाबलं गेलं की चिठ्ठ्या गडप. मग त्याच वर्षी आलेल्या ६.२ आवृत्तीत मुनिमाला नवा नियम लावला. खिसा रिकामा झाल्याशिवाय आज्ञेची ओळ पडद्यावर दाखवायचीच नाही!

पुढे विंडोज ९५ आली. तुमच्या आईबाबांना आठवत असेल. काम संपलं की ‘शट डाऊन’ करायचं, थोडं थांबायचं, मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरात यायचं की आता संगणक बंद करायला हरकत नाही. तेव्हा लोक कुरकुरत, “बंद करायला कसली परवानगी?” पण ते थांबणं म्हणजे मुनिमाची शेवटची फेरी होती.

नंतरचे संगणक स्वतःच वीज बंद करू लागले आणि वेगळीच पंचाईत झाली. विंडोज ९८च्या काळात काही नवे संगणक इतके चपळ निघाले की डिस्कच्या खिशातलं लिहून व्हायच्या आतच ते वीज तोडत! तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक खास दुरुस्ती द्यावी लागली. ती काय होती सांगू? बंद होण्याआधी थोडं थांबायचं. बस्स, एवढंच! रस्त्यावर पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’, ती संगणकालाही लागू पडते.

कीर्द आणि खतावणी

आता माझ्या फाइलचं राहिलेलं कोडं. मजकूर गेला, तर नाव आणि आकार कसा राहिला?

जुन्या दुकानदारांकडे दोन वह्या असतात. एक रोजकीर्द. दिवसभरात जे घडेल ते तिच्यात घडेल त्या क्रमाने पटापट लिहायचं. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं. कीर्दीवरून खतावणीत नोंदी चढवायच्या. चढवता चढवता मध्येच दिवा गेला तरी काळजी नाही. सकाळी कीर्द उघडायची, कुठपर्यंत आलो ते पाहायचं आणि पुढे चालू करायचं.

ऑपरेटिंग सिस्टीमनेही ही रीत उचलली. डिस्कवर एक कीर्द ठेवायची आणि काय बदलणार आहोत ते आधी तिच्यात लिहायचं. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये अशी कीर्द होती. लिनक्समध्ये २००१ साली ‘ईएक्सटी-३’ या नावाने तिचा मोठा प्रसार झाला. पूर्वी लाईट गेल्यावर संगणक सुरू केला की सगळी डिस्क तपासत कितीतरी वेळ घालवायचा. ते काम आता चुटकीसरशी होतं.

मात्र या कीर्दीत बहुतेक वेळा फाइलचं नाव, आकार, जागा एवढंच लिहितात. आतला मजकूर दोनदा लिहायला फार वेळ लागतो, म्हणून तो कीर्दीत नसतो. म्हणजे गोदामात नवीन पोतं ठेवल्याची नोंद झाली, पण पोत्यातली मिरची अजून मुनिमाच्या हातगाडीवरच आहे! माझ्या बाबतीत तसंच झालं. नोंद शाबूत, पोतं रिकामं.

यावर उपाय म्हणजे क्रम पाळणं. आधी मिरची पोत्यात, मग कीर्दीत नोंद. ईएक्सटी-३ची नेहमीची पद्धत हीच होती. पण मघाशी पाहिलं ना, खिसेवाले आपल्या सोयीने चिठ्ठ्या मागे-पुढे लावतात. मग क्रम कसा टिकणार? त्यासाठी कारभारी मध्ये एक रेघ ओढतो. रेघेच्या वरचं सगळं वहीत उतरल्याशिवाय खालचं एक अक्षर लिहायचं नाही. या रेघेला ‘बॅरिअर’ म्हणजे अडसर म्हणतात. २००८ साली तयार झालेल्या ‘ईएक्सटी-४’मध्ये हा अडसर मुळातच लावलेला असतो.

मग खिसाच शिवून टाकू या का?

वर्गात हा प्रश्न आलाच. “बाई, खिशामुळे एवढा घोळ होतो तर खिसाच नको!” तसं करताही येतं. विंडोजमध्ये डिस्कच्या गुणधर्मात जाऊन राईट कॅशिंग बंद करायची खूण असते, लिनक्समध्येही आज्ञा आहे. पण पहिली फेरी आठवा. बारा चिठ्ठ्यांना आठ मिनिटं! जिथे तिथे वही उघडायला धावणारी डिस्क सेकंदाला ऐंशी-एक नोंदीच करील. संगणक सतत कशाची ना कशाची नोंद करत असतो. खिसा शिवला तर तो रांगेतल्या शेतकऱ्यांसारखा ताटकळेल.

त्याच ठिकाणी आणखी एक खूण असते. ती लावली की ‘खिसा रिकामा कर’ हा हुकूमच डिस्कला जात नाही. वेग वाढतो, पण लाल चिठ्ठीलाही अर्थ उरत नाही. डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा असेल तरच ही खूण करा, असा इशारा तिथेच लिहिलेला असतो. घरच्या संगणकावर तिला हातही लावू नका.

मोठ्या कचेऱ्यांतले संगणक तिसराच मार्ग काढतात. खिसा ठेवायचा, पण त्याला बॅटरी जोडायची. लाईट गेली तरी खिशातलं शाबूत! नव्या संगणकांत फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असते. ती कितीतरी चपळ, पण खिसा तिलाही असतो. मोठ्या यंत्रांतल्या एसएसडीवर कपॅसिटर म्हणजे विजेचे छोटे घडे बसवलेले असतात. लाईट गेल्यावर त्या घड्यातल्या विजेवर ती खिसा रिकामा करते.

आपल्या जिल्ह्यातल्या टेंभली गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तिथे दिले गेले. माणसाचं नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, सगळं संगणकात जातं. जमिनीचा उतारा, बँकेचं खातं, तुमचा निकाल, हेही आता संगणकातच. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी “झालं, जा” म्हणतं, तेव्हा ते खरंच झालेलं असलं पाहिजे. तुमच्यापैकी कोणी पुढे प्रोग्राम लिहायला लागेल, तेव्हा हे विसरू नका.

एवढं तुम्ही करा

सेव्ह केल्यावर निदान अर्धा मिनिट संगणकाला द्या. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर मुनीम अजून धावतोय असं समजा.

संगणक नेहमी ‘शट डाऊन’ करूनच बंद करा. भिंतीवरचं बटण शेवटी.

पेन ड्राइव्ह ओढून काढू नका, ‘सुरक्षित काढा’ अशी आज्ञा द्या. २०१८च्या विंडोज १० आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी खिसा न वापरण्याची पद्धत मुळातच ठेवली आहे. तरी कॉपी चालू असताना ओढला तर फाइल बिघडणारच. आणि सगळीकडेच काही ती पद्धत नसते.

यूपीएसची बॅटरी चालू आहे ना, ते अधूनमधून मोठ्यांना पाहायला सांगा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण तीही बसलेली असेल तर तो टेबलावरच्या संगणकासारखाच.

महत्त्वाच्या फाइलच्या दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी. कारण ती एकच प्रत लिहिताना लाईट गेली तर जुनं आणि नवं दोन्ही जातं. माझं तसंच गेलं.

आणि आमच्या शब्दांचं काय झालं, ते राहिलंच की! सोमवारी मी मुलांना सगळं खरं सांगितलं. वर्ग गप्प झाला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने दप्तरातून सुतळीत ओवलेल्या चिठ्ठ्यांची जाडजूड माळ काढली. मी फेकायला सांगितलेल्या चिठ्ठ्या ती सगळ्यांकडून मागून घेत होती! मी विचारलं, “का गं ठेवल्यास?” ती म्हणाली, “बाई, त्यात सगळ्यांच्या आजीचे शब्द होते. फेकवल्या नाहीत.”

त्या माळेत अठरा चिठ्ठ्या मात्र नव्हत्या. बारा शब्द मुलांनी आठवून सांगितले. पाच शब्द आज्यांना पुन्हा विचारून आणले. उरला एक. त्या मुलाची आजी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. त्याला शब्द आठवेना आणि घरात दुसऱ्या कोणाला तो माहीत नव्हता. आम्ही वहीत त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडली.

होळीला आजी गावी आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच शाळेत आली, पायरीवर बसली आणि तो शब्द तिने तीनदा म्हणून दाखवला. मी तो आधी वहीत शाईने लिहिला. मग संगणकावर. मग पेन ड्राइव्हवर, आणि तो नीट ‘सुरक्षित काढून’ कपाटात ठेवला. एवढं सगळं झाल्यावर मुलांकडे वळले. पण मी काही म्हणायच्या आतच सगळा वर्ग ओरडला, “बाई, आता झालं!”